माळवस्तीची डीपी

माळवस्तीच्या कौसल्याबाई ओव्हाळ यांच्यावर अन्याय झाला. जत्रेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, दुपारी दोन वाजता. त्यांची पिठाची गिरणी ज्या डीपीवर चालायची ती डीपीच खाली उतरवून ट्रॉलीत घातली गेली.

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मोठ्या लाइनची वीज घरात वापरता येईल इतकी कमी करणारी खांबावरची करडी पेटी. मी तेव्हा येडशीच्या बाजूला ठेकेदाराकडं वायरमन होतो. जत्रेतल्या पाळण्यांसाठी ठेकेदारानं जनरेटर आणायचा होता. तो खर्च वाचवायला त्यानं वस्तीची डीपी उचलली.

"वस्तीचं काय?" मी विचारलं.

"नॉन-प्रायॉरिटी लोड हाय ते."

म्हणजे ज्यांची वीज गेली तर वीज कंपनीच्या साहेबाचा फोन वाजत नाही, ते लोक.

जत्रेला घरोघरी पाहुणे, म्हणून दळणाची खरी गर्दी त्याच दोन दिवसांत. कौसल्याबाईंच्या दारात डबे रांगेनं लागलेले. एकदा गिऱ्हाईक गावातल्या गिरणीवर गेलं की वस्तीवर परत येत नाही. त्या साहेबाकडं अर्ज घेऊन गेल्या. 'वरील विषयास अनुसरून' वगैरे सगळं त्यात होतं. साहेब म्हणाले, "जत्रा होऊ द्या, बाई."

"जत्रा झाल्यावर दळून काय भुताला घालू?" त्या म्हणाल्या, आणि डब्यांपाशी जाऊन बसल्या.

मंगळवारी सकाळी मी जत्रेत ड्युटीवर. मंडपात गुरुजी माइकवर हरवलेल्यांची नावं पुकारत होते. चिठ्ठी आली की वाचायची, तीही दोनदा, अशी तिथली रीत. मी सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला आणि लिहिलं.

गुरुजींनी नेहमीच्या कळवळ्यानं वाचलं, "भाविकांना सूचना. माळवस्तीची डीपी काल दुपारपासून हरवली आहे. रंग करडा, अंगावर तेलाचे डाग. मोठ्या पाळण्यामागं ती दिसल्याचं समजतं. कौसल्याबाई ओव्हाळ गिरणीपाशी वाट बघत आहेत. ज्यांनी नेली त्यांनी आणून सोडावी."

पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा वाचल्यावर पाळण्यामागं बघायला गेले. वस्तीवरच्या बाया तर डबे घेऊनच तिथं उभ्या राहिल्या. साहेबाचा फोन वाजायला लागला.

आमचे सीनियर लाइनमन गफूरचाचा विडी विझवत म्हणाले, "किसने लिख्या रे ये?"

"म्हाईत न्हाय, चाचा."

"अच्छा लिख्या. नौकरी जाती अब उसकी."

दुपारी जनरेटर आला. दिवस मावळायच्या आत आम्ही डीपी परत वर चढवली. फ्यूज मीच घातला. खाली गिरणीचा पट्टा फिरला आणि वस्तीभर "आली, आली" झालं. कौसल्याबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्या पहिला डबा ओतत होत्या.

बुधवारी ठेकेदारानं पुठ्ठा पुढं धरला. "अक्षर तुझंच ना?"

"व्हय."

"मग आता अक्षरावरच पोट भर."

तेच करतोय. आधी वस्तीवरच्या पोरांच्या मोर्चांसाठी पत्रकं लिहिली, आता धाराशिवला एका साप्ताहिकात लिहितो. खुर्ची बरी आहे. पण हातमोज्यांचा रबरी वास अजून आठवतो. खांबावरून रामलिंगाचं रान दिसायचं, मोर ओरडायचे, खालून चाचा शिव्या घालत दोर ओढायचे. फ्यूज बसला की वस्ती लगेच ओरडायची. लेख छापून आला की कोणी ओरडत नाही. साहेबही नाही, हे जास्त लागतं.

शिकलो ते एवढंच, की मेहरबानांच्या सेवेशी लिहिलेलं मेहरबान वाचत नाहीत. चार लोकांत मोठ्यानं वाचता येईल असं लिहावं लागतं.

यंदा जत्रेत पाळण्याचा झगमगाट दिसला की तिथल्या वायरमनला विचारा, हा उजेड कुठल्या वस्तीचा? त्यानं मान खाली घातली तर मला फोन करू नका. तिथंच उभं राहून स्वतः लिहा, आणि खाली आपलं नाव घाला.