घाटमाथ्यावरची दुसरी घोंगडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. तुला सांगतो. ऐकून उठून गेलास तरी चालेल.

दिनू मास्तर माझा बालमित्र, पोलादपूरचा. कविता केल्या म्हणून सरकारने त्याला जिल्ह्याबाहेर काढलं, तसा तो वरंधा घाटापलीकडे भोर संस्थानात जाऊन राहिला. घाटमाथ्यावरून आमचं खोरं दिसतं, पण उतरायची बंदी. त्यावरच त्याने कविता लिहिली आणि माझ्याकडे पाठवली — चाल लाव म्हणून. माझ्याकडेच ना? महाडात पेटी वाजवावी तर बुवांनीच, असं लोक म्हणायचे. मलाही ते पटायचं.

पण चाल काही लागेना. तेव्हा महाडात पास्कू होता — गोव्याचा ख्रिस्ती, फिडलवाला. मुंबईत मूकपटांपुढे वाजवायचा. बोलपट आले, काम गेलं. एका नाटक कंपनीबरोबर इथवर आला, कंपनी मोडली, हा राहिला. मीच त्याला बोलावलं. एकेका शब्दाचा अर्थ त्याने मला विचारून घेतला, मग फिडल हनुवटीखाली धरलं — आणि चाल झाली. खालच्या वाडीतून आई हाक मारते ना, तशी. माझा नुसता जळफळाट झाला. मित्र माझा, खोरं माझं, भाषा माझी — आणि चाल याला सुचावी?

दिनूला छातीचं दुखणं जडलं होतं. घाटमाथ्यावरचं देवीचं देऊळ संस्थानच्या हद्दीत. तिथवर त्याला येता यायचं. पास्कूबरोबर बसलो आणि चाल झाली, एवढंच मी त्याला कळवलं होतं. दोघंही या, एकदा ऐकवा, असा त्याचा निरोप आला. दोघंही.

मग मी काय केलं? पास्कूला म्हटलं, गुरव नको म्हणतो. फिडलची तार आतड्याची, देवळात चालत नाही. गुरवाला मी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि देवळातल्या मृदंगाला काय केळीचं पान ताणलेलं असतं? बकऱ्याचं कातडंच की. हे मला ठाऊक नव्हतं?

पास्कूने वाद घातला नाही. "देवाचें घर, बुवा. तुम्ही वाजवा," म्हणाला. वर ती चाल त्याने माझ्या पेटीवर बसवून दिली — पेटीला सूर ओढता येत नाही, तिथे कसं सावरायचं, तेही दाखवलं. मी शिकून घेतलं. हो, घेतलं.

वर पोहोचलो तर गुरवाने देवळात दोन घोंगड्या अंथरलेल्या. "दुसरं पाव्हणं नाय आलं? त्येंच्यासाठी जागा केली हाय," म्हणाला. त्याला ताप आलाय, असं मी सांगितलं.

वाजवलं. दिनू खांबाला टेकून ऐकत होता. डोळे पुसले आणि म्हणाला, "घरी जाऊन आलो रे." मग विचारलं, चाल कुणाची?

माझी, म्हटलं.

दिनू पुढे फार दिवस राहिला नाही. पण हेही सगळं नाही — खरं ते अजून राहिलंच आहे. मी घाट उतरलो तर पायथ्याला, वरंधला, पास्कू बसलेला. फिडल मांडीवर. महाडपासून माझ्या मागून चालत आला होता. मास्तर काय म्हणाले, एवढंच त्याने विचारलं.

काही नाही म्हणाला, असं मी सांगितलं.

त्याने मान हलवली. मी दमलेला दिसलो असणार. माझी पेटी उचलून त्याने खांद्यावर घेतली. महाडपर्यंत त्यानेच आणली.