खुंटाचा दोर

साळवे सरांच्या तासाला मैदानावर जायच्या आधी टेबलावर एक नायलॉनचा दोर येऊन पडायचा. प्रत्येक मुलानं, प्रत्येक मुलीनं त्याला एक गाठ मारायची, मगच हजेरी. गाठ ढिली निघाली की सर ती सोडायचे आणि दोर परत त्याच्याच हातात द्यायचे. केदारखेड्याजवळच्या आमच्या शाळेत ते खेळ आणि आरोग्य शिकवत, मी गणित. शिक्षकांच्या खोलीत त्यांना सगळे ‘दोरवाले’ म्हणत. ते नाव मीच ठेवलं होतं.

आमच्याकडे आता बऱ्याच शेतांत शेततळी झाली आहेत. तळाला आणि उतारांना जाड काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाय घसरून आत गेलं की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. शेजारच्या गावात दोन भाऊ असेच एकमेकांना वाचवता वाचवता गेले, आणि तेव्हापासून सरांनी हे काम अंगावर घेतलं.

“पोहता येतंय म्हणून छाती काढू नका,” ते नववी-दहावीच्या पोरांना सांगायचे. “ज्याला पोहता येत न्हाई तो काठावरच थांबतो. तळं नेतं ते पोहणाऱ्याला.” मग सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायचे, “बुडणाऱ्याला हात द्यायचा न्हाई, दोर द्यायचा.” एकदा एकानं विचारलं, “सर, सख्खा भाऊ असला तर?” सर म्हणाले, “मंग तर बिलकुल न्हाई. तुझ्या आईला एक तरी लेकरू राहू दे.” मी शेजारच्या वर्गात फळा पुसत होतो. तेवढं वाक्य ऐकून माझाही हात थांबला होता.

रविवारी ते मोटारसायकलच्या हँडलला दोराची वेटोळी अडकवून शेतोशेत फिरायचे. तळ्याच्या काठी खुंट ठोकायचा, हातहात अंतरावर गाठी मारलेला दोर त्याला बांधून पाण्यात सोडायचा, आधी बांधलेले ओढून बघायचे. लोक चहा पाजायचे आणि विचारायचे, “सर, दोराचं दुकान टाकलं का?” सरही हसायचे. माझ्या शेतातला दोर त्यांनी स्वतः बांधला. जाताना म्हणाले, “पवार सर, हा कामाला घेऊ नका हां. यानं नुसतं इथं पडून राह्यचं, हेच याचं काम.” मी ‘हो हो’ म्हणालो. पण एवढा चांगला दोर वर्षभर नुसता पडून राहतो, हे माझ्या हिशेबी डोक्याला खटकत होतंच.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. भोकरदनला न्यायचा कापूस टेंपोत भरला आणि वरून आवळायला दोर कमी पडला. मी तळ्यावरचा सोडून आणला. संध्याकाळी परत बांधू, म्हटलं. त्याच्या गाठींमुळे कापूस छान आवळला गेला, हेही मला आठवतं.

माझी पूजा, नववीतली, वेचणी करता करता कॅन भरायला तळ्यावर गेली आणि घसरली. तिची आई शेताच्या दुसऱ्या टोकाला होती. साळवे सर नेमके तेव्हाच दोर तपासायला आले होते. त्यांनी उडी मारली, तिला खांद्यावर उभं केलं, आणि वरच्या खुंटाला तिचा हात पुरला. ती आईला घेऊन येईपर्यंत पाणी शांत झालं होतं. मी भोकरदनहून आलो तेव्हा दोर टेंपोतच होता. मी तो पोत्यात घालून गोठ्यात दडवला.

सुट्टीतच शाळेत भरलेल्या शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, “जन्मभर दोर द्या म्हणून शिकवलं आणि वेळेला स्वतःच विसरले.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तळ्यावरचा दोर कुणी चोरला असेल का, असं एकानं विचारलं तेव्हा “चोऱ्या वाढल्यात खऱ्या,” असंही मी बोलून गेलो. समोर साळवे वहिनी बसल्या होत्या. त्या क्षणाची लाज मला आजही जेवू देत नाही.

आठवड्यानं पूजा बोलली. “पप्पा, सर विसरले न्हाईत. गाडी टाकली अन् आधी खुंटाकडंच पळाले. खुंटाच्या बुडाशी हातानं चाचपलं बी. मंग माझ्याकडं पाहिलं अन् बुटासकट आत आले.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “दोर कुठं गेल्ता, पप्पा?”

मी तिला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “साळवे काकूंकडं जाऊन या.” मी गेलो, पोतं बरोबर घेऊन. वहिनींनी सगळं ऐकलं, दोर बाहेर काढला, एकेक गाठ बोटांनी दाबून पाहिली. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला हाकलून देतील.

“मला सांगून काय करता, सर?” त्या म्हणाल्या. “पोरांना सांगा. ते विसरले असं पोरांना वाटून राह्यलंय. उद्या त्यांचं कोण ऐकंल?”

सुट्टी संपली. पहिल्या तासाला मी गणिताचं पुस्तक उघडलंच नाही. तो दोर टेबलावर ठेवला. सवयीनं पहिल्या बाकावरचा मुलगा गाठ मारायला उठला, त्याला मी खाली बसवलं. मागच्या बाकावर पूजा होती.

“साळवे सर विसरले नव्हते,” मी म्हणालो. “दोर मी सोडला होता.”