डिस्कवर न मावलेलं भाषण

आमच्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांचा जन्म एक जूनला झालेला आहे. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला जूनच्या पहिल्या तारखेला जन्माला घालून मोकळे व्हायचे. त्यामुळे मेअखेरीला शाळाशाळांतून मास्तर घाऊक निवृत्त होतात. परंड्यात आमच्या हायस्कुलातून त्या वर्षी दोघे झालो. गणिताचा मी आणि चित्रकलेचे सर. एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच गल्लीत राहिलो, एकाच दिवशी सुटलो. आणि ती सगळी एकतीस वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

ज्या विषयात कुणी नापास होत नाही, त्या विषयाचा मास्तर कुणाला आवडणार नाही? त्यांच्या तासाला पोरं पळत यायची, माझ्या तासाला त्याच पोरांच्या पोटात दुखायचं. त्यांच्याबरोबर बाजारात निघालं की दहा मिनिटांच्या वाटेला तास लागे. भाजीवाली त्यांच्या पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकायची आणि मला भाव सांगायची. नोकरी लागलेली पोरं कुर्डुवाडीच्या गाडीतून पेढ्यांचा पुडा घेऊन उतरत, माझ्या दारावरून पुढं जात आणि त्यांच्या दारात थांबत. परक्यांचं सोडा. माझा स्वतःचा मुलगा मी शिकवलेल्या गणितावर इंजिनियर झाला आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं भिंतीवर काय लावलं, तर चित्रकलेच्या सरांनी काढलेला परंड्याचा किल्ला. गणित भिंतीवर टांगता येत नाही, हे मला कळतं. तरीही मी त्या घरात गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

त्यांच्यापेक्षा माझ्याकडे जास्तीची एकच गोष्ट होती, ती म्हणजे कॉम्प्युटर. मुलानं नवा घेतला तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला. त्यात शूटिंग डिस्कवर उतरवायची, म्हणजे डिस्क लिहायची सोय होती. मी चिकाटीनं ती शिकलो आणि वर्षभरात गल्लीतली लग्नं, बारशी, डोहाळजेवणं माझ्या टेबलावरून जायला लागली. लोक म्हणायचे, सर, एक सीडी मारून द्या. चित्रकलेचे सर मात्र कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार करायचे. ते माझ्या खुर्चीमागं उभे राहून कौतुकानं बघायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

सेवापूर्तीचा समारंभ दोघांचा मिळून ठरला. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. लाईटचा भरवसा नव्हता म्हणून मागं जनरेटर आणून ठेवला होता. स्टेजवर मंडपवाल्याच्या लग्नातल्या दोन नक्षीदार खुर्च्या, त्यात फेटे बांधून आम्ही दोघे, आणि शेजारी आमच्या बायका. मी गणिताचा माणूस, त्यामुळे मोजणं आलंच. मला अकरा शाली आल्या. त्यांच्या चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. माजी विद्यार्थ्यांची रांग आधी त्यांच्या पाया पडायची आणि आता आलोच आहोत म्हणून माझ्याही पडायची. माझ्या पायांपर्यंत येईस्तोवर वाकण्यातला जोर निम्मा झालेला असायचा.

मी त्यांच्यापेक्षा आठ दिवसांनी सीनियर, म्हणून आधी मी बोललो. लिहून आणलेलं भाषण होतं, अकरा मिनिटांचं. जेवणाची पंगत जवळ आल्यावर लोक जशा टाळ्या वाजवतात तशा टाळ्या पडल्या. मग ते उठले, आणि तोंड उघडायच्या आधीच मांडव दणाणला. माझ्यानं तिथं बसवेना. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी उशिरा येऊन स्टेजच्या कडेला उभा राहिलेला दिसला. मी सरळ खाली उतरलो, त्याचा हात धरला आणि त्याला मांडवामागं घेऊन गेलो. जनरेटरपाशी उभं राहून मी वीस मिनिटं त्याला नोकरीचं, घराचं, पोराबाळांचं विचारत राहिलो. बिचारा सारखा मान वळवून मांडवाकडे बघत होता. जनरेटरच्या आवाजात भाषणातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

परत आलो तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बरेच जण माझ्याकडे बघत होते. उठून गेलो म्हणून बघत असतील, असं मला वाटलं. चित्रकलेच्या सरांनी स्टेजवर मला मिठी मारली. कॅमेरा चालू होता, म्हणून मी ती कॅमेऱ्यासाठी आहे असं समजलो.

शूटिंग त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं केलं होतं. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. पैसे घेतले नाहीत, गुरुदक्षिणा म्हणाला. गुरू कोणता, ते सांगायची गरज नव्हती. लग्नसराई असल्यामुळे त्याला कार्ड रिकामं करून हवं होतं. सगळी फिल्म त्यानं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवली, कार्ड पुसलं आणि गेला. आता तो समारंभ जगात फक्त माझ्या टेबलावर होता.

दुपारी लाईट असायची तेवढ्यात मी बघायला बसलो. एकूण नऊ तुकडे होते. चार तुकड्यांत मी कुठं आहे ते शोधावं लागलं. त्यांच्या चेहऱ्याला पडदाभर जागा आणि माझ्या वाट्याला कोपर. एका ठिकाणी मी अर्धा दिसत होतो, तर नेमका जांभई देत होतो. माझ्या भाषणात कॅमेरा दोनदा त्यांच्याकडे वळला होता, ते माझं भाषण कसं ऐकतात हे दाखवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चांगलं दिसावं अशा बेतानं लिहिलं तर एका डिस्कवर दोन तास मावतात. आमचा समारंभ त्याहून वीस मिनिटांनी जास्त होता. दोन डिस्क करता आल्या असत्या. ड्रॉवरमध्ये कोऱ्या डिस्कचा आख्खा डबा पडलेला होता. मी एकच करायची ठरवली. शेवटचा तुकडा त्यांच्या भाषणाचा. त्यावरच्या छोट्या चित्रात माईकसमोर हात वर केलेले सर दिसत होते. तो मी उघडूनसुद्धा पाहिला नाही. नुसता वगळून भागलं असतं, पण डिस्क लिहायच्या आधी कॉम्प्युटरला स्वतःसाठी मोकळी जागा लागते आणि माझ्या मशीनचं पोट भरलेलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हे कायमचं पुसायचं का? मी हो म्हटलं. आयुष्यात इतक्या चटकन मी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी ते आले. मी म्हणालो, सगळं बसंना झालंय, एक तुकडा काढावा लागला, तुमच्या भाषणाचा. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच हसले.

"काढा की. मला तर पाठच हाय," ते म्हणाले. "तुमचं ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एवढं मोठं मन बघून मी आणखीनच जळलो. दुसऱ्या दिवशी डिस्क लिहून होत आली असताना लाईट गेली आणि ती डिस्क वाया गेली. पाखरं दाणे टिपतात म्हणून बायकोनं ती डाळिंबाच्या फांदीला बांधली. तिसऱ्या दिवशी जमलं. मग मी त्यांना सात कॉपी करून दिल्या, वर त्यांचं आणि माझं नाव सारख्या अक्षरांत लिहून.

चार-पाच महिन्यांनी एसटी स्टँडवर एक कंडक्टर भेटला, आम्हा दोघांचाही विद्यार्थी. पाया पडला, आणि या वेळी चांगला खाली वाकला. म्हणाला, "सर, त्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं, आमच्या डोळ्याला पाणी आलं. आन् तुमी तेवढंच सीडीतून काढून टाकलं म्हणं. सर सगळ्यास्नी सांगत्यात. आपलं कौतुक कोण काढतंय वो आजकाल?"

काय सांगितलं होतं, असं मी विचारणार होतो. पण कसं विचारणार? मी ते ऐकलेलं आहे, असं तो धरून चालला होता. त्यानं घंटी मारली, गाडी निघाली, आणि मी बाकावर बसून राहिलो.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती थक्कच झाली. "पाऊण भाषण तुमच्यावरच हुतं की," म्हणाली, "तुमी खाली उतरला हुता, तरी माईकवरनं ऐकू आलं न्हाय?" पुढचं मात्र तिलाही सांगता येईना, कारण तिला मधेच वाढायच्या कामाला बोलावलं होतं. तिला आठवत होतं ते एकच वाक्य. हा माणूस नसता तर मी पहिल्याच वर्षी शाळा सोडून गेलो असतो, असं ते म्हणाले होते.

मग मी एकतीस वर्षं काढून बसलो. या माणसाचं मी काय भलं केलं असेल, की तो त्यावर पंधरा मिनिटं बोलला? पहिलं वर्ष तर मी बारकाईनं तपासलं. एका भाड्याच्या घरातल्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो, एकाच स्टोव्हवर चहा व्हायचा, एवढंच आठवलं. मी केलेलं बाकीचं मात्र भराभर आठवत गेलं. दहावीला दर जानेवारीत चित्रकलेचे तास मी गणिताला ओढून घ्यायचो. त्यांच्या मुलांचं चित्रांचं प्रदर्शन होतं त्या दिवशी मी मुद्दाम चाचणी ठेवली होती. त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला जेवून झाल्यावर मी म्हणालो होतो की पुढची भिंत ओळंब्यात नाही. त्यांना शाळेत टिकवून ठेवील असं काहीच हाती लागलं नाही. कितीदाही बेरीज केली तरी उत्तर येईना.

गावात मात्र माझं नाव झालं. स्वतःचं कौतुक कापणारा निर्मळ माणूस. दोन ठिकाणी माझ्या हस्ते बक्षिसं वाटली गेली. एका मुख्याध्यापकांनी सूत्रसंचालन करताना तो किस्सा सांगितला आणि मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना तीही नम्रता वाटली. मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. मुळात मान मिळायचाच कमी, त्यात मिळालेला परत कोण करतो? पण ज्या माणसाबद्दल ते बोलले होते, त्याचा मला हेवा वाटायला लागला. त्यानं काहीतरी चांगलं केलेलं होतं.

अशी पंधराएक वर्षं गेली. या उन्हाळ्यात ते डिस्क घेऊन आले. आता घराघरातले प्लेअर भंगारात गेलेत आणि त्यांच्या नातीला तो समारंभ मोबाईलवर हवा होता. माझा जुना कॉम्प्युटर अजून चालतो. उतरवून घेताना आम्ही दोघे शेजारी बसून बघत होतो. त्यांच्या चाळीस शाली, माझी जांभई, माझं कोपर. शेवटी माझं भाषण आलं, मी हात जोडले आणि पडदा काळा झाला.

"हितं माझं हुतं," ते काळ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले आणि हसले.

बायको चहा ठेवून गेली. का कुणास ठाऊक, त्या हसण्यानंतर मला गप्प बसवेना.

"सर, मी ते ऐकलेलंच न्हाय," मी म्हणालो. "जनरेटरपाशी जाऊन उभा हुतो. आन् माझं कौतुक हाय म्हणून न्हाय काढलं. तुमचं भाषण हाय म्हणून काढलं. दोन डिस्क करता आल्या असत्या."

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारून पिला. बशी रिकामी झाल्यावर उरलेला कपातला ओतला, तोही पिला.

"म्हंजे म्या काय बोललो ते तुमाला ठावंच न्हाय म्हणा की."

"न्हाय."

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "निम्मं खोटं हुतं त्यातलं. निरोपाला कोण सगळं खरं बोलतंय?"

मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला, डिस्क रुमालानं पुसून परत पाकिटात घातली आणि नात वाट बघत असेल म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना नेहमीसारखी माझ्या दारात हाक मारली. माफ करण्यातही हा माणूस माझ्या पुढंच, असं मनात आलं आणि पोटातलं जुनं दुखणं पुन्हा उठलं.

निम्मं खोटं म्हणजे निम्मं खरं, एवढं गणित मला येतं. कोणतं निम्मं, ते विचारायला मी रोज त्यांच्या दारापर्यंत जातो, आणि आज भाजी काय भावानं मिळाली, एवढं विचारून परत येतो.