गसच्या ताटातलं मीठ

मिठाच्या बाबतीत व्हर्ना टिझर्डचा हात कधी चुकत नाही, असं आमच्या खाडीत सगळेच म्हणायचे. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची आमची ही वस्ती पिढ्यानपिढ्या कॉड माशावर जगली. मासा चिरायचा, काटा काढायचा, थर लावायचे आणि वर मीठ मारायचं. मीठ कमी पडलं तर मासा बुळबुळीत होऊन कुजतो आणि जास्त झालं तर जळतो. हो, मिठानेसुद्धा मासा जळतो. उचलायला गेलं की भुगा होऊन हातात येतो. व्हर्ना मूठ भरून नुसती भिरकावायची, तरी मीठ जिथे जेवढं हवं तेवढंच पडायचं. पुढे कॉड धरायला बंदी आली, मासळीचा कारखाना बंद पडला आणि अर्धं गाव कामासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला निघून गेलं. व्हर्नाची एकुलती एक मुलगी शेरीलही गेली. मागे राहिले ती आणि तिचा नवरा गस. त्यांचं दार माझ्या दारासमोरच.

गस आडव्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. होडी विकली तरी रोज सकाळी धक्क्यावर जाऊन पाण्याला चार शिव्या घालून यायचा. रविवारी खारवलेलं गोमांस, कोबी, सलगम आणि बटाटे एकाच पातेल्यात उकडलेले. ते जेवण झालं की तो खुर्ची मागे सरकवून म्हणायचा, "आता देवाने बोलावलं तरी दुपारनंतर ये म्हणून सांगेन."

एका वसंतात त्याचे पाय असे सुजले की बूट चढेनात. व्हर्ना त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. हृदय थकलंय, जेमतेम अर्धं काम करतंय, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडंही दमली होती. गोळ्यांची पिशवी दिली आणि बजावलं, मीठ बंद.

"बंद म्हणजे कमी ना?" घरी येता येता गसने विचारलं.

"बंद म्हणजे बंद."

"मग जेवताना काय चाटू, टेबल?"

व्हर्नाने खारवलेल्या मांसाची बादली त्याच दिवशी उचलून माझ्याकडे आणून ठेवली. "घरात राहिली तर हा रात्रीचा उठून खाईल," म्हणाली. मग सुरू झाले उकडलेले अळणी बटाटे, अळणी मासा, अळणी सूप. पहिले काही दिवस गसने थट्टेवारी नेलं. "व्हर्ना, ही शिक्षा आजारी पडल्याची आहे की तुझ्याशी लग्न केल्याची?" पुढे थट्टाही संपली. दोन घास खायचा आणि ताट सरकवून खिडकीबाहेर बघत बसायचा. विजार कमरेवर राहीना म्हणून त्याने पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली.

व्हर्नाला ते बघवेना. मीठ काय एकाच प्रकारचं असतं, असं तिचं म्हणणं. कारखान्यात तिने स्पेनचं जाडं मीठ हाताळलं होतं, बारीक पांढरं हाताळलं होतं. एक माशाला मानवायचं, दुसरं नाही. मग हृदयाला मानवेल असंही एखादं असणारच. तिने शेरीलला फोन केला. शेरीलने पार्सलने डोंगरातलं गुलाबी मीठ पाठवलं. फोनवर म्हणाली, "आई, हे अगदी नैसर्गिक गं. किती तरी खनिजं असतात यात. इथे सगळे हेच खातात."

गसने ते बटाट्यावर भुरभुरवलं आणि कितीतरी दिवसांनी ताट स्वच्छ केलं. पुढच्या आठवड्यात त्याचे पाय पुन्हा सुजले.

आमच्या दवाखान्यात तेव्हा कीपिंग आडनावाची नर्स होती, तिशीतली, फटकळ पण मायाळू. सुजलेल्या पावलावर तिने बोट दाबलं, तर तिथे खळगा तसाच राहिला. तिने बरणी हातात घेऊन बघितली.

"व्हर्ना मावशी, गुलाबी असो की काळं, डोंगरातलं असो की समुद्रातलं, मीठ ते मीठच. पाय सुजवतं ते सोडियम, आणि ते सगळ्यांत जवळपास सारखंच असतं."

"मग दुकानात इतकी नावं कशाला गं लावतात?"

"विकायला."

तरी व्हर्नाने समुद्राचं जाड्या दाण्याचं मीठ आणून पाहिलं. दाणा जाडा, म्हणजे चमच्यात मावणार कमी, असा तिचा हिशोब. हिशोब खोटा नव्हता; पण गस चव लागेपर्यंत घालतच राहायचा. तेही बंद झालं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नर्स कीपिंगची बदली झाली. तिच्या जागी कोणीच आलं नाही. दवाखान्याच्या दाराला कुलूप, त्यावर एक फोन नंबर. लावला की बराच वेळ नुसतं संगीत वाजायचं.

अशात शहरातल्या मोठ्या दुकानात व्हर्नाला एक पांढरी बाटली सापडली. मिठासारखंच दिसणारं, पण वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: सोडियम शून्य. घरी आल्यावर तिने मला हाक मारून बोलावलं आणि बाटली टेबलावर ठेवली. कधी नव्हे तो तिचा चेहरा फुलला होता.

"शून्य! बघ तरी. नर्स म्हणाली ना, सोडियमच वाईट? मग यात ते नाहीच."

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. तिने तेही चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

गस म्हणाला, "ते सगळ्यावरच लिहितात. टूथपेस्टवरसुद्धा. आण इकडे."

व्हर्नाने तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या त्या नंबरवर फोन लावला. संगीत ऐकत स्वयंपाकघरात उभी राहिली, शेवटी ओट्यावरचं पाणी उतू गेलं तेव्हा तिने फोन ठेवून दिला.

त्या मिठाला मागून किंचित कडवट, पत्र्यासारखी चव होती. गसला त्याचं काही नव्हतं. तो जेवायला लागला. व्हर्ना सुपात घालायची, माशावर घालायची, आणि घालायची ती तिच्या जुन्या सवयीने, मूठ भरून. गसच्या गालांवर रंग आला. पाय सुजले नाहीत. तो पुन्हा धक्क्यावर जाऊ लागला, येताना माझ्या फाटकाशी थांबून माझ्या मांजराला "काय मॅडम" म्हणू लागला. व्हर्ना कपडे वाळत घालताना गुणगुणायची. मला वाटतं, तिच्या आयुष्यातले ते शेवटचे सुखाचे दिवस.

मग गसचे पाय जड झाले. "महिनाभर होडीत राहून जमिनीवर उतरल्यासारखं वाटतंय," म्हणायचा. बोटांना मुंग्या यायच्या. एका दुपारी पायरीवर बसला तो उठलाच नाही. बसल्या जागी कलंडला. मी धावत गेले तेव्हा व्हर्ना त्याचं मनगट धरून बसली होती. "ठोका आहे," ती म्हणाली, "पण पुढचा येतच नाही लवकर." धुकं इतकं दाट होतं की हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. रुग्णवाहिका रस्त्याने आली आणि रस्त्यानेच गेली. मागून माझ्या गाडीत मी आणि व्हर्ना.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, हे काय खातात? व्हर्नाने ताठ बसून सांगितलं, "मिठाचा कणही देत नाही मी डॉक्टर. फक्त हे." आणि तिने पर्समधून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. डॉक्टरने ती वाचली आणि तो व्हर्नाच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"बाई, यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. ज्यांची मूत्रपिंडं धड आहेत त्यांना चालतं, कितीतरी जणांना बरंही पडतं. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. आणि यांच्या काही गोळ्याही ते आतच धरून ठेवतात. ते साचत गेलं की हृदय थांबतं."

"पण त्यावर शून्य लिहिलंय," व्हर्ना म्हणाली.

"हो. सोडियम शून्य."

तिने बाटली परत घेऊन खालची बारीक अक्षरं पुन्हा वाचली. मग मला म्हणाली, "मीच घातलं ना ते."

गस वाचला, पण नुसता जीव वाचला. हृदय आणखी खचलं, मूत्रपिंडं जवळजवळ गेली. त्याला शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवलं. आम्ही भेटायला जायचो तेव्हा तो व्हर्नाचा हात धरून म्हणायचा, "तू मला पोटभर जेवायला घातलंस. एवढंच झालं." तो समजूत घालायला म्हणायचा, पण तिच्या काळजाला ते घरं पाडायचं. घरी ती स्वयंपाक करीनाशी झाली. पातेलं चढवायची, पाणी उकळायची, आणि गॅस बंद करून टाकायची.

पानं गळायला लागली तेव्हा डॉक्टरने व्हर्नाला बाहेर बोलावून सांगितलं, आता त्यांना काय हवं ते खाऊ द्या. गसने खारवलेला कॉड मागितला.

व्हर्नाला हात लावायची भीती वाटत होती. तरी तिने माझ्या कोठीतला मासा नेला, भिजवला, उकडला, वर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पसरले. डबा दुलईत गुंडाळून मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

गसने घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ चघळत राहिला.

"मीठच नाही गं यात."

व्हर्नाने काट्याच्या टोकाने चाखून पाहिलं. मीही पाहिलं. चांगला खारट होता, जिभेला झोंबत होता. व्हर्ना माझ्याकडे न बघता म्हणाली, "विसरले बहुतेक. म्हातारी झाले."

ती जाऊन जेवणघरातून मिठाची पुडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर भुरभुरवली. त्याने आणखी एक घास घेतला, डोळे मिटून वाट पाहिली. मग काटा खाली ठेवला. "राहू दे," म्हणाला, "जीभच गेली वाटतं माझी." बर्फ पडायच्या आत तोही गेला.

शेरील दफनाला आली. "आई, चल माझ्याबरोबर," म्हणून दोन दिवस मागे लागली. व्हर्ना नको म्हणाली. शेरीलने एका रात्री स्वयंपाकघरात मला धरून रडत विचारलं, "ते गुलाबी मीठ पाठवलं नसतं मी, तर?" त्याने काही फरक पडला नसता, असं मी सांगितलं. तिने ऐकलं, पण तिला पटलं नाही.

आता दवाखान्यात नवी नर्स आली आहे. व्हर्नाचाच रक्तदाब चढलेला असतो. नर्स तिला कुठलं मीठ घ्यावं, किती घ्यावं, कुठलं टाळावं, सगळं चांगलं समजावून सांगते. व्हर्ना मान हलवते आणि घरी येऊन दुकानातल्या तयार सुपाचा डबा उघडते. डब्यातल्या सुपात मीठ किती जास्त असतं, तेही नर्सने तिला सांगितलंय. ती ते गरमही करत नाही. दूरचित्रवाणी लावून डब्यातूनच चमच्याने खाते आणि अर्धा डबा तसाच ठेवते. रविवारी मी ताट नेऊन देते. कधी खाते, कधी तसंच परत येतं. शेरीलचा फोन आला की विचारते, "आई, जेवलीस?"

"जेवले," व्हर्ना म्हणते.