दोन्हीकडे सारखाच आवाज

सकाळचे सहा पन्नास झाले होते आणि फिटर तिसऱ्या गाळ्यात, शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत होता. वॉशिंग सेंटर आठला उघडतं. लोक आपली गाडी आपणच धुतात, मग भिंतीवरच्या ड्रायरची नळी ओढून वाऱ्याच्या झोताने पाणी उडवतात. ड्रायर अठ्ठावीस किलोचा. तो ज्या चार बोल्टांवर लटकतो ते कुठे मारायचे, हे ठरवण्यातच सगळी अक्कल. बाकी नुसतं पान्याचं काम.

भिंत सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची होती. अशा भिंतीत काही ब्लॉक आतून काँक्रीटने भरलेले असतात, काही रिकामे. भरलेला टणक वाजतो, रिकामा घुमतो; बोल्ट धरतो तो भरलेल्यातच. फिटरने डावीकडे ठोकलं, उजवीकडे ठोकलं. दोन्हीकडे सारखंच. तो खाली उतरला आणि फरशी धुणाऱ्या बाईला त्याने हाक मारली.

“बाई, जरा इकडे या. मी ठोकतो, तुम्ही आवाज ऐकून सांगा.”

“आणि माझी फरशी कोण धुणार? तुम्ही?” असं म्हणत तिने पाइप बंद केला.

त्याने दोन ठोके मारले.

“हा दगडासारखा. हा रिकाम्या डब्यासारखा,” बाई म्हणाली. “शेंबड्या पोरालाही कळेल की हो! तुमचे कान काय नुसते चष्मा अडकवायला आहेत?”

“सध्या तेवढ्याच कामाचे आहेत,” फिटर म्हणाला आणि तिने दगडासारखी म्हटलेल्या जागी पेन्सिलने फुली मारली.

बाई हसली. त्याने विनोद केला नव्हता.

एकवीस वर्षं तो ड्रायर लावतोय. लावलेला प्रत्येक ड्रायर दहा मिनिटं चालवून बघायचा, तोही नळीच्या तोंडाशी उभं राहून. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी कानात घालायची बोंडं कंपनी देते. ती त्याच्या खिशातच राहिली. यातली चौदा वर्षं धाकटा भाऊ बरोबर होता. थोरल्याने जागा ठरवायची, धाकट्याने भोकं पाडून बोल्ट आवळायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गाळ्यात धाकटा म्हणाला, “दादा, ही घुमतेय. आरपार बोल्ट घालू आणि पलीकडून लोखंडी पट्टी देऊ, म्हणजे पोकळ भिंतीतही धरेल.”

“सगळीकडे एकच आवाज येतोय. म्हणजे सगळी भिंत भरीव. आता तू मला भिंती शिकवणार?”

धाकट्याने ड्रिल उचललं.

अकराव्या दिवशी तो ड्रायर एका गाडीच्या बॉनेटवर पडला. गाडीत कोणी नव्हतं, एवढंच बरं. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, “बोल्ट कोणी आवळले होते?” फिटर म्हणाला, “धाकट्याने.” ते खरंच होतं. जागा कोणी ठरवली, हे साहेबांनी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. धाकट्याला कामावरून काढलं. बोल्टच ढिले राहिले असणार, असं फिटरला तेव्हा मनापासून वाटत होतं.

टीव्हीच्या आवाजाला वैतागून बायकोने गेल्या वर्षी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीच्या कागदावरची ऐकण्याची रेघ आधी सरळ चालली होती, मग एकदम घसरली होती. “हे सात-आठ वर्षं तरी चाललेलं आहे,” डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर बायको कानाच्या यंत्राबद्दल बोलत होती आणि तो वर्षं मागे मोजत होता. त्या पडलेल्या ड्रायरपाशी पोचायला दोनपर्यंत मोजलं तरी पुरे होतं.

त्याला चौदा महिने झाले. या काळात त्याने ना भावाला सांगितलं, ना साहेबांना. भिंत ठोकण्याचा देखावा करायचा आणि सरसकट आरपार बोल्ट घालायचे, असं त्याने चालवून नेलं. आज ते जमण्यासारखं नव्हतं. या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याची राहती खोली होती.

ड्रायर बसवून झाल्यावर, साडेनऊला, त्याने धाकट्याला फोन लावला. धाकटा आता शाळेची बस चालवतो आणि यावेळी मोकळा असतो.

“बोल दादा. कोण आजारी आहे?”

“कोणी नाही.”

“वहिनी बरी आहे ना?”

“बरी आहे. अरे, ती भिंत घुमत होती. तू म्हणालास तशी.”

“मला माहीत आहे. मी तिथेच होतो.”

“मला ऐकू येत नव्हतं. कानच गेलेत. गेल्या वर्षी कळलं.”

फिटरने फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला.

“गेल्या वर्षी,” धाकटा म्हणाला. “कान गेले यात तुझा काय दोष? पण साहेबांसमोर तुझं तोंड तर शाबूत होतं.”

“आज सांगतो त्यांना. तुला परत घ्यायला—”

“सांग. माझ्या नावावरचं ते काढ. पण मी काही परत येत नाही, दादा. इथे माझं बरं चाललंय.” आणि फोन ठेवता ठेवता, “यंत्र लावत जा कानाला.”

दुपारी फिटरने ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी जुनी फाइल मागवली, धाकट्याच्या नावापुढचा शेरा खोडून खाली सही केली आणि विचारलं, “हे तेव्हा का नाही सांगितलंत?” यापुढे भिंतीवरची जागा ठरवण्याचं काम फिटरकडे राहणार नाही, असं ठरलं.

उद्या सव्वासातला दुसऱ्या सेंटरवर दोन ड्रायर लावायचे आहेत. भिंत बघायला कंपनी वेगळा माणूस पाठवणार आहे. भोकं पाडायची आणि बोल्ट आवळायचे, हे काम फिटरचं.