छेदातला क्ष

साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. देवगडजवळच्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवायला लागलो आणि तिसऱ्याच महिन्यात गणिताचे मास्तर मुंबईला निघून गेले. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "बीजगणित तुम्ही घ्या. तुमचा आवाज मोठा आहे." आवाज मोठा होता हे खरंच. मी पानिपत शिकवायला लागलो की बंदरातले खलाशी घाबरून नांगर उचलायचे. पण मी होतो तात्पुरता. कायम व्हायचं तर तपासणीच्या साहेबांसमोर एक तास नीट घेऊन दाखवायचा होता. शेरा वाईट आला तर जूनमध्ये घरी.

साहेब घाटावरचे. मिशा अशा, की एका टोकावरून निघालेली माशी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत म्हातारी व्हावी. मागच्या बाकावर बसत म्हणाले, "असमता घ्या. नवीन भाग आहे."

असमतेत बरोबरचं चिन्ह नसतं, 'पेक्षा मोठं' किंवा 'पेक्षा लहान' असतं. मी फळ्यावर लिहिलं: (क्ष + १) / (क्ष − ३) > २. समीकरणात करतात तसाच छेद उचलून पलीकडे नेला, गुणलं, आणि तीन ओळींत उत्तर काढलं: क्ष सातापेक्षा लहान. खडू असा ठेवला, जणू अटकेपार जाऊन आलो.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी हापूसची कलमं होती.

"सर, सातापेक्षा लहान म्हणजे शून्य चालतला?"

"चालतला!" मी तिच्याच भाषेत गरजलो.

"मगे वर एक, खाली वजा तीन. ता दोनापेक्षा मोठा कसा?"

मला इतका घाम फुटला की त्या दिवशी खाडीला भरती वेळेआधी आली. छेद उणा असला तर गुणताना चिन्ह उलटतं. आणि क्ष माहीत नाही तोवर छेद अधिक की उणा, हे कोण सांगणार?

"मुद्दाम चुकलो," मी म्हणालो. "मुलं जागी आहेत का बघत होतो."

"छान," मिशांमागून आवाज आला. "आता मुद्दाम बरोबर सोडवा."

दोन डावीकडे आणला, सगळ्याला एकच छेद दिला: (७ − क्ष) / (क्ष − ३) > ०. वरचं सातावर शून्य होतं, खालचं तिनावर. म्हणजे चिन्ह बदललं तर या दोन जागीच बदलणार. इथवर सुचलं. पुढे मी एकेक आकडा घालून बघायला लागलो. चार, साडेचार, पाच, सव्वापाच... अशाने शिमगा आला असता.

"सर, सगळे कित्याक बघतास?" पुन्हा तीच. "पेंढ्यात आंबे पिकत घालतत तेव्हा प्रत्येक आंबो दाबतत काय? एका दिवसाच्या तोडीचो एक थर. एक दाबलो काय थर कळता."

मी आडवी रेघ ओढून तीन आणि सातावर खुणा केल्या. तीन थर झाले. पहिल्यातला शून्य घातला: उणा. मधला पाच: अधिक. शेवटचा दहा: उणा. मधलाच थर पिकलेला!

"आणि तीन, सात स्वतः?" साहेबांनी विचारलं.

"तीन घेतल्यार खाली शून्य," मुलगी म्हणाली. "सात घेतल्यार बरोबर दोन. मोठा नाय."

क्ष तिनापेक्षा मोठा, सातापेक्षा लहान. साहेबांनी शेरा लिहिला: 'शिक्षक उत्तर सांगत नाहीत, विद्यार्थ्यांकडून काढून घेतात. पद्धत उत्तम.' हेडमास्तरांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा माझ्याकडे जरा संशयाने बघत. मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच म्हटलं, "कालची चूक मुद्दाम नव्हती."

"आमका ठावक आसा, सर," अख्खा वर्ग म्हणाला, आणि त्यांनी वह्या उघडल्या.