गिऱ्हाइकाचं स्टूल

तेव्हा मी टू बाय टूचे ब्लाउजपीस घाटकोपरच्या एका मॅचिंगच्या दुकानातून घ्यायचे. ट्यूबलाइटखाली खरा रंग कळायचा नाही. म्हणून तिथली बाई प्रत्येक पीस दारापर्यंत उजेडात आणायची, साडीला लावून धरायची. "हा नको" म्हटलं की मुकाट्यानं परत आत. मी तिला सहज आठ-दहा फेऱ्या मारायला लावायचे. नाव कधी विचारलं नाही.

एकदा ती वरच्या फळीसाठी शिडीवर चढली आणि तिच्या पोटऱ्या दिसल्या. निळ्या शिरा फुगून गाठी झालेल्या, घोट्याजवळची कातडी काळी पडलेली.

"अहो, डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं ना. म्हणाले, सारखं उभं राहू नका, मधेमधे पाय वर घेऊन बसा." मग गल्ल्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "पण बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक परत जातं, असं शेट म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. मी कधी गेले होते परत? तरातरा गल्ल्यापाशी जाऊन ओरडले, "या बाईंना बसायला स्टूल द्या आधी!"

शेट लगबगीनं उठला. स्टूल पुसून त्यानं माझ्यापुढे ठेवलं.

"तुम्ही बसा ना, ताई," म्हणाला, आणि तिच्याकडे वळून, "ए, ताईंना अजून रंग दाखव."